एक्स-रेवाल्या मुलीला लेकरं होतात का?

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. रेडिओग्राफीची डिग्री करून चार वर्षं झाली, आमच्या तालुक्याच्या गावी एका खाजगी डायग्नोस्टिक सेंटरला टेक्निशियन आहे. दिवसाला चाळीस-पन्नास एक्स-रे निघतात, दीड वर्षापासून सीटीही आहे. पगार चौदा हजार. दिवाळीनंतर धुळ्याचं स्थळ आलं. पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात मुलाच्या आईनं माझ्या मावशीला विचारलं, "एक्स-रेवाल्या मुलीला लेकरं होतात का?" आता निरोप असा आहे की नोकरी सोडत असेल तर पुढचं बोलू. वडील म्हणतात सोडून दे, चौदा हजारांसाठी चांगलं स्थळ घालवू नको.

कॉलेजात मी सगळं शिकलेय, तरी रात्री मनात येतंच. लहान मुलाचा एक्स-रे असला की मीच त्याला धरते, कारण आई घाबरते आणि फोटो हलतो. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे आमचे बॅज सरांच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये असतात. हरवला तर पैसे कापले जातात. खरं सांगू का ताई, मलाही तेच बरं वाटतं. घातला आणि रीडिंग जास्त आलं, ते कुणाला कळलं तर? सर म्हणतात जास्त आलं तर कामावरून काढावं लागतं. नोकरी सोडू का?

— एक वाचक, जळगाव जिल्हा

होतात. मला दोन आहेत.

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. थोरल्याच्या वेळी सातवा सरेपर्यंत कामावर होते, धाकटीच्या वेळी आठवा लागला तरी. दोघंही माझं ऐकत नाहीत, यापलीकडे त्यांच्यात काही खोट नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली आज भुसावळ, शिरपूर, शहादा, नंदुरबार अशा सगळीकडे कामाला आहेत आणि त्यांच्या लेकरांच्या बारशाचे पेढे मी खाल्लेत. मुलाच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

तुझं पत्र मात्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या ड्रॉवरपाशी अडले. त्याच्याकडे येतेच. आधी रात्री मनात येतं त्याचं बघू.

ही भीती काही आजची नाही. माझं लग्न झालं तेव्हा फिल्मचा जमाना होता. डार्करूम, लाल दिवा, आणि फिल्म धुवायची औषधं, डेव्हलपर नि फिक्सर. डेव्हलपर वीस डिग्रीला ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस. नळ सोडला की हात पोळायचा. मग आमचा शिपाई सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी बांधून आणायचा, आम्ही ती फोडून टाकीभोवती रचायचो, आणि बर्फ टिकतोय तोवर भराभर फिल्मा धुऊन घ्यायचो. संध्याकाळी घरी गेले की साडीला फिक्सरचा आंबूस वास. सासूबाई ओसरीवरच अडवायच्या. "किरनं लई उनी, आधी आंग धोय." जवळजवळ वर्षभर मी रोज आधी न्हाणीत आणि मग घरात. वास किरणांचा नाही, हायपोचा, म्हणजे त्या फिक्सरचा आहे, हे त्यांना मी कधी पटवू शकले नाही. नातू झाला त्या दिवसापासून अडवणं आपोआप बंद झालं.

एक्स-रे अंगात साठत नाही, कपड्याला चिकटत नाही, घरी येत नाही. तू बटण सोडलंस की संपला. दिवा मालवल्यावर उजेड खोलीत मागं राहतो का? हे तुला माहीत आहे, पण परीक्षेसाठी पाठ केलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही. म्हणून आकडेच लिहून देते. कागदावर उतरवून उशाखाली ठेव.

किरणांत काम करणाऱ्यासाठी आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळानं, म्हणजे एईआरबीनं, घातलेली मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं हे माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट बांधलेल्या खोलीत, शिशाच्या काचेमागं उभं राहून एक्स-रे आणि सीटी करणाऱ्याचं वर्षाचं रीडिंग बहुतेक वेळा १ च्याही आत असतं. माती, दगड, हवा आणि आकाश यांच्याकडून माणसाला काही न करता वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिळतात. धुळ्यात घरी बसलेल्या मुलाच्या आईलाही त्यातला वाटा चुकलेला नाही. आता दुसरं टोक. बाईच्या बीजकोशाचं काम कायमचं थांबायला एका दमात साधारण २,५०० ते ६,००० मिलीग्रे लागतात. एक्स-रेच्या बाबतीत मिलीग्रे आणि मिलीसिव्हर्ट इथं सारखेच धरलेस तरी चालेल. म्हणजे इकडे वर्षभरात एक, तिकडे एका दमात अडीच हजार. कॅन्सरच्या पेशंटच्या ओटीपोटाला शेक देतात तिथं असले आकडे येतात. काचेमागं उभ्या असलेल्या मुलीपर्यंत ते येत नाहीत.

आणि होणारं लेकरू अधू निघेल का, हा त्याच्यामागे दडलेला प्रश्न. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांना पुढं जी मुलं झाली, त्यांचा पिढीभराहून जास्त काळ अभ्यास झाला. आईबापांना लागलेल्या किरणांमुळे त्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलं नाही. ती माणसं बॉम्बखाली सापडली होती, पोरी. तू काचेमागं आहेस.

धोका अगदीच शून्य आहे असं मी म्हणणार नाही. थोड्या डोसनंही कॅन्सरची शक्यता किंचित वाढते असं धरूनच हे सगळे नियम बांधलेत. म्हणून तर नऊ इंची भिंत, शिशाचा दरवाजा, शिशाचा अॅप्रन. पण ती कॅन्सरची गोष्ट झाली, वांझपणाची नाही. आपल्याकडे 'किरणं' म्हटलं की सगळं एकाच गाठोड्यात जातं. सोनोग्राफी, एमआरआय, मोबाइलचा टॉवर आणि तुझा छातीचा एक्स-रे, सगळं एक. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतोच, हे किती सुशिक्षित घरांत माहीत असतं?

थोडं विषयांतर करते. रोंटजेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला हा किरण शोधला आणि त्याच डिसेंबरात बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी. तो फोटो तू पहिल्या वर्षाच्या पुस्तकात पाहिलाच असशील. त्या नवराबायकोला स्वतःचं मूल नव्हतं, त्यांनी भाची दत्तक घेतली होती. आता हे कुणीतरी तुझ्या होणाऱ्या सासूला मोबाइलवर पाठवणार आणि खाली लिहिणार, "बघा!" तर तुझ्याजवळ उत्तर असू दे. भाची दत्तक घेतली १८८७ ला, एक्स-रे सापडायच्या आठ वर्षं आधी. आणि त्यांना दुसरी गोष्ट सांगायची असेल तर मादाम क्युरीची सांग. रेडियम शोधलं १८९८ ला, ते वर्षानुवर्षं उघड्या हातानं हाताळलं, आणि धाकटी मुलगी ईव्ह झाली १९०४ ला. ती १०२ वर्षं जगली. एका माणसावरून शास्त्र ठरत नसतं, हे मला कळतं. क्युरीबाई स्वतः रक्ताच्या आजारानं गेल्या, थोरली मुलगीही तशीच, कारण त्यांनी जे हाताळलं ते काही न झाकता. पण ओट्यावर बसून बोलताना आकड्यापेक्षा माणूस लवकर पटतो.

आता ड्रॉवर.

बॅजमध्ये काय असतं ते आठव. प्लास्टिकच्या खोक्यात एक कार्ड, कार्डावर तीन गोल चकत्या. कॅल्शियम सल्फेटच्या, त्यात डिस्प्रोसियम मिसळलेलं. एक चकती धातूच्या फिल्टरखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. किरण लागला की चकती ती ऊर्जा धरून बसते. लॅबमध्ये तापवली की उजेड होऊन बाहेर सोडते. तो उजेड मोजून तुझा डोस काढतात. दर तीन महिन्यांनी जुना जातो, नवा येतो. त्यावरचा नंबर सेंटरचा नसतो, तुझा असतो. गाव बदललं, नोकरी बदलली, तरी मागचा सगळा हिशोब त्या नंबराला बांधलेला.

चार वर्षं म्हणजे सोळा तिमाह्या. सोळा वेळा तुझ्या नावाचा रिपोर्ट आला असेल, आणि सोळाही वेळा तो त्या ड्रॉवरचा डोस होता. ड्रॉवरच्या तब्येतीला काही धोका नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तुझ्या लक्षात येतंय का? मुलाच्या आईपुढे ठेवायला, वडिलांना दाखवायला आणि रात्री स्वतःला समजवायला जगात एकच कागद होता, आणि तो तू कोरा ठेवलास. सरांनी ठेवला हे खरं, पण तुलाही तेच बरं वाटलं, आणि हे तू स्वतःहून लिहिलंस म्हणून तुझं कौतुक. मी इतकं खरं माझ्या साहेबांनाही कधी लिहून दिलं नव्हतं.

कारण मीही तेच केलंय, जरा वेगळ्या वाटेनं. नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. बॅज अॅप्रनला लावलेला, आणि अॅप्रन एक्स-रे रूमच्याच आत, टेबलाच्या पायथ्याशी खुंटीला. अॅप्रन जड, उन्हाळ्यात नकोसा, म्हणून अर्धा दिवस तो खुंटीवरच. एका तिमाहीनंतर मुंबईहून पत्र आलं की तुमचं रीडिंग मर्यादेबाहेर आहे. सोबत एक लांबलचक फॉर्म. दोन रात्री मला झोप नाही. धाकटी तेव्हा दीड वर्षाची. तिच्याकडे बघायचे आणि हिला काय काय झालं असेल याचाच विचार करत बसायचे. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

फॉर्म भरताना आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर शेजारी बसले. प्रश्न एकेक वाचत गेले. पोर्टेबल, म्हणजे वॉर्डात मशीन नेऊन एक्स-रे किती काढता, फ्लुरोस्कोपी, म्हणजे किरण चालू ठेवून स्क्रीनवर बघायची तपासणी करता का, बॅज कुठं लावता. मग सहज म्हणाले, "बाई, रात्री तो अॅप्रन कुठं असतो?" मी खुंटीकडे हात केला. ते उठून टेबलापाशी गेले, ट्यूबकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, आणि हसायलाच लागले. तीन महिने दिवसभराच्या एक्स-रेचा पसरता किरण त्या बॅजनं खाल्ला होता. मी काचेमागं होते, बॅज आत होता. तसं लिहून पाठवलं, चौकशी झाली, तो डोस माझा नाही असं नोंदलं गेलं. कुणी मला काढलं नाही. अॅप्रनची खुंटी मात्र बाहेर आली.

म्हणून सर म्हणतात ते खोटं आहे. एका तिमाहीत १० मिलीसिव्हर्टच्या वर गेलं तर चौकशी होते, आणि चौकशी म्हणजे हाच फॉर्म, हेच प्रश्न. बॅज आत राहिला होता का, दरवाजा उघडा होता का, धरायला कोण होतं. चूक सापडली की ती दुरुस्त करतात. जास्त रीडिंग आलं तर अडचण होते ती मालकाची, कारण मग खोली तपासायला माणसं येतात. ड्रॉवरमध्ये बॅज कुणाच्या सोयीसाठी पडलेत, हे आता तूच ठरव.

तुझ्या पत्रात मला खरं भ्यावंसं वाटलं ते एकाच वाक्याला. "लहान मुलाचा एक्स-रे असला की मीच धरते."

हे आजपासून बंद. मी रागावून लिहितेय असं समज. एडिसनचा एक मदतनीस होता, क्लॅरन्स डॅली. एक्स-रेच्या नव्या ट्यूबा नीट चालतात का हे तो स्वतःचा हात किरणात धरून बघायचा, रोज, वर्षानुवर्षं. आधी हात गेले, मग १९०४ ला तो गेला. त्याची ती गत बघून एडिसननं एक्स-रेचं कामच सोडलं. आजची मशीन तेव्हासारखी नाही आणि तुझं डॅलीसारखं काही होणार नाही. पण सवय तीच आहे. अॅप्रन छाती-पोट झाकतो. पोराचं डोकं धरलेली तुझी बोटं अॅप्रनच्या बाहेर, कधी फोटोच्या चौकटीतच. पेशंटपासून एक मीटर लांब उभी राहिलीस तर अंगावर येतो तो मूळ किरणाचा साधारण हजारावा हिस्सा, दोन मीटरवर गेलीस की त्याचाही पाव. आणि तू हातभर अंतरावर ओणवी होऊन उभी. एका पोराला त्याच्या बापानं धरलं तर ते त्याचं आयुष्यात एकदा. तू धरलंस तर ते दिवसात चारदा, वर्षात हजारदा. टेक्निशियननं पेशंट धरायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

मग धरायचं कुणी? बापानं. काकानं. माझा अनुभव विचारशील तर आजी सगळ्यात बरी. आईचा हात थरथरतो, बाप दुसरीकडे बघतो, आजी घट्ट धरते आणि वर पोराला दमही देते. धरणारी बाई असली आणि वय तसं असलं तर "दिवस गेलेत का" हे आधी विचारायचं, तेही कोपऱ्यात घेऊन, सगळ्यांसमोर नाही. धरणाऱ्याला अॅप्रन घालायचा, ग्लोव्ह असतील तर ग्लोव्ह. वाळूच्या पिशव्या आणि रुंद वेल्क्रोचा पट्टा सेंटरला घ्यायला लाव, नाही घेतला तर टेलरकडून शिवून घे, शंभर-दीडशेत होतो. एक्सपोजरची, म्हणजे किरण सोडायची वेळ जितकी कमी करता येईल तितकी कर, मग पोर थोडं हललं तरी फोटो येतो. आणि आधी पोराशी बोल. पाड्यावरून आलेल्या किंवा आपल्या खेड्यातल्या पोराला "श्वास रोखून धर" म्हटलं तर ते तोंडाकडे बघत बसतं. "सास धरी ठेव, हालजो नको" म्हटलं की निम्मं काम झालं. मशीनला मायबोली लागत नाही, पेशंटला लागते.

एक जाता जाता. उद्या गर्दीच्या दिवशी डॉक्टर नसताना सोनोग्राफीचा प्रोब कुणी हातात दिला तर घेऊ नकोस. तिथं किरणाचा नाही, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा प्रश्न आहे, आणि अडकशील ती तू.

सरांशी भांडायला जाऊ नकोस. चौदा हजारांवर भांडण परवडत नाही हे मला ठाऊक आहे. तिमाही संपून नवे बॅज आले की त्याच दिवशी आपला मागून घे. म्हण, "सर, हरवला तर माझ्या पगारातून कापा, पण दिवसभर माझ्याजवळ राहू द्या." बॅज छातीवर, अॅप्रन घातला असेल तर अॅप्रनच्या आत. सुट्टी झाली की एक्स-रे रूमपासून लांब, तुलनेसाठी वेगळा ठेवलेला कंट्रोल बॅज असतो त्याच जागी परत. घरी न्यायचा नाही, धुण्यात जाईल. मागच्या सोळा रिपोर्टांची झेरॉक्स मागून ठेव, खोटे असले तरी, कारण त्यावर तुझा नंबर आहे. सेंटरचा आरएसओ, म्हणजे किरणांपासूनच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस, कोण म्हणून कागदावर नाव आहे ते विचार. कधीकधी ते नाव आपलंच निघतं आणि आपल्यालाच माहीत नसतं. त्याच दिवशी दरवाजाही बघ. एक्सपोजर देताना बंद असतो की गर्दीत उघडाच राहतो? वरचा लाल दिवा लागतो का? दीड वर्षापूर्वी सीटी आणली तेव्हा एईआरबीचा परवाना काढावाच लागला असेल, आणि त्यात या गोष्टी लिहिलेल्याच असतात. तू नवीन काही मागत नाहीयेस.

ते ऐकतील असं मला वाटतं. बॅजचा तिमाहीचा खर्च सीटीच्या एका पेशंटच्या बिलाइतकाही नाही. आणि तुला काढलं तर रोजचे चाळीस-पन्नास एक्स-रे कोण काढणार? तालुक्याच्या गावी सीटी चालवणारं माणूस मिळायला किती दिवस लागतात ते त्यांना पक्कं माहीत आहे. तरीही बॅज दिला नाही, तर ती जागा सोड. ती जागा, पेशा नाही. जळगाव, धुळे, भुसावळला तुझ्यासारखीला काम मिळतं. सरकारी भरतीची जाहिरात आली की फॉर्म भर, वयाची मर्यादा आणि अनुभवाचं प्रमाणपत्र आतापासून बघून ठेव. २०२१ च्या कायद्यानं रेडिओलॉजी-इमेजिंगवाल्यांना आरोग्य क्षेत्रातले व्यावसायिक म्हणून धरलंय. आपण नुसत्या बटण दाबणाऱ्या नाही, हे कागदावर यायला सव्वाशे वर्षं लागली.

लग्नानंतर दिवस गेले तर काय, तेही आताच सांगते, कारण हे तुला तिथं कुणी सांगणार नाही. कळल्या कळल्या सेंटरला लेखी कळवायचं. लाजायचं नाही, तीन महिने लपवायचं तर अजिबात नाही. आपल्याकडे तिसरा सरेपर्यंत बोलायचं नाही अशी रीत आहे, पण बाळाचे अवयव घडतात ते नेमके त्याच महिन्यांत. कळवल्यापासून पुढच्या सगळ्या महिन्यांत मिळून पोटातल्या बाळाला १ मिलीसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. व्यंग यायला १०० च्या आसपास लागतात, त्यामुळे हा नियम किती लांबचं कुंपण आहे ते बघ. काचेमागचं काम चालतं. पोर्टेबल, फ्लुरोस्कोपी आणि धरणं दुसऱ्याकडे. पहिल्या खेपेला मी हेच केलं, आणि उरलेल्या वेळात रजिस्टरं इतकी नीट लिहिली की साहेबांनी नंतर ते काम कायमचं माझ्याच गळ्यात टाकलं.

आता धुळ्याचं स्थळ.

तुझ्या पत्रात मुलाची आई आहे, तुझी मावशी आहे, वडील आहेत, सर आहेत. मुलगा कुठंच नाही. तो काय म्हणतो? तुला फोन केला का? आईनं असं विचारलंय हे त्याला माहीत तरी आहे का? कांदेपोह्यांच्या दिवशी तुझ्या कामाबद्दल त्यानं काही विचारलं होतं का? मला त्या बाईंचा राग आलेला नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर तसंच समजत होत्या आणि बाळंतपणात माझे पाय त्यांनीच चेपले. न कळण्याची भीती असते, ती निघते. पण ती काढायला मध्ये एक माणूस लागतो, आणि तो माणूस त्या घरातला असावा लागतो. माझ्या वेळी नवऱ्यानं एक दिवस डबा द्यायच्या निमित्तानं आईला दवाखान्यात आणलं, माझ्या शेजारी काचेमागं उभं केलं आणि म्हणाला, बघ, ही इथं असते आणि किरण तिथं असतो. त्यांना पटलं असं नाही. पण त्या दिवसापासून शेजारणींपुढं त्या माझी बाजू घ्यायला लागल्या. घरात मात्र ओसरीवर अडवणं चालूच.

तेव्हा निरोपाला निरोप पाठवू नकोस. मावशीमार्फत तर नाहीच, मावशी वाटेत आपलं दोन पदरचं घालणारच. मुलाला सरळ फोन कर. वरचे आकडे त्याला सांग, आणि सांग की मी बॅज घालायला लागलेय, तीन महिन्यांनी पहिला खरा रिपोर्ट येईल, तो तुला दाखवते. तीन महिने थांबणारा असेल तर थांबेल. बायकोच्या अंगातल्या किरणांची काळजी करणाऱ्या घरानं तिच्या रिपोर्टाची वाट बघायला काय हरकत आहे? आणि "आई म्हणते तसं" एवढंच त्याच्याकडून आलं, तर तेही तुला सुपारी फुटायच्या आधी कळलेलं बरं.

वडिलांना चौदा हजार दिसतात, कारण त्यांना तेवढंच दाखवलं गेलंय. त्यांना एकदा कामावर घेऊन जा. गुडघ्याचा एक्स-रे त्यांचा राहिलाच असेल, या वयातल्या कुठल्या बापाचा राहिलेला नसतो? डॉक्टरांची चिठ्ठी आण म्हणजे झालं. तू पोझिशन कशी देतेस, काचेमागं कशी जातेस, फोटो स्क्रीनवर आल्यावर डॉक्टर तुला काय विचारतात, हे त्यांनी एकदा टेबलावर पडून बघू दे.

नोकरी सोडू का, असं विचारलंस. या भीतीपायी नको. सोडलीस आणि लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही, तर त्या चार वर्षांवरच बोट ठेवलं जाईल, आणि तेव्हाही तुझ्याजवळ दाखवायला ड्रॉवरचे सोळा रिपोर्टच असतील.

तिमाही संपत आली असेल. बॅज मिळाला की कळव. पहिलं रीडिंग आलं की तेही कळव, आकड्यासकट. आणि मुलगा फोनवर काय म्हणाला ते.